दसऱ्याच्या यादीतली माशांची टाकी

पितृपंधरवडा निम्मा सरला की माजलगावच्या उन्हाला धुण्याच्या सोड्याचा वास येऊ लागतो. गच्चीवर, कुंपणावर, उभ्या ट्रॉलीवर, जिथे जागा मिळेल तिथे गोधड्या पसरलेल्या असतात. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण दोन सरींच्या मधलं ऊन चटका लावणारं असतं आणि त्याचा एक तासही कुणी वाया घालवत नाही. याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. घटस्थापनेच्या आत घरातली प्रत्येक वस्तू एकदा पाण्यातून निघाली पाहिजे. पांघरुणं, पडदे, पोती, डबे, डब्यांची झाकणं, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली भांडी, सगळं. बाहेरच्या माणसाला ही दिवाळीची साफसफाई वाटते. तसं नाही. दिवाळीला आम्ही झाडतो. दसऱ्याला धुतो.

काल मी यंदाची यादी करायला बसले. मी इथल्या एका कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. जुन्या अर्जांच्या पाठकोऱ्या बाजू वाया गेलेल्या मला बघवत नाहीत, म्हणून घरातल्या सगळ्या याद्या त्यांच्यावर होतात. दसऱ्याची यादी मी दर वर्षी नव्याने करत नाही. मागच्या वर्षीची समोर ठेवते आणि उतरवून काढते. माळ्यावरचे डबे, बरोबरची खूण. पडदे, खूण. पायपुसणी, खूण. आणि चोविसाव्या ओळीत, माझ्याच अक्षरात, ‘माशांची टाकी’. तिच्यापुढेही खूण आहे, पेन दोनदा फिरवून ठळक केलेली. काम मनासारखं झालं की मी तसं करते.

त्या खुणेकडे बघत मी बराच वेळ बसले.

माझ्या माहेरी, उमापूरला, यादी नव्हती. आईला सगळा क्रम पाठ होता. आधी गोधड्या, कारण त्यांना वाळायला वेळ लागतो. मग कपडे, मग भांडी, सगळ्यात शेवटी देव. बैलगाडी ओढ्यावर जायची. आम्ही तिघी बहिणी गोधडीला दोन टोकांनी धरून पीळ द्यायचो आणि आई मधे उभी राहून गळणाऱ्या पाण्याखाली हात धरायची. पाणी मळकट असेल तर गोधडी परत ओढ्यात. “निवळ पाणी येईस्तोवर पिळायचं,” ती म्हणायची. ओली गोधडी ज्याने उचलली नाही त्याला तिचं वजन सांगून कळत नाही. खांदे दुखायचे, पण शेवटी पाणी निवळ यायचंच. मी आयुष्यात जी काही शिस्त शिकले ती या एका वाक्यातून शिकले, असं मला फार वर्षं वाटत होतं.

लग्नानंतरचा पहिला दसरा मी माजलगावला कालव्यावर काढला. त्या वर्षी कालव्याला पाणी सुटलं होतं आणि सगळी गल्ली तिथे लोटली होती. माझे सासरे, नाना, पाटबंधारे खात्यात कालव्यावरच नोकरीला होते. ते सायकलवरून आले. नवी सून गुडघाभर पाण्यात उभी आहे हे पाहून त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि बायकांना म्हणाले, “सोडा पाटात ओतायचा न्हाई. खाली जनावरं पितात. बादलीत भिजवा, काठावर धुवा.” कुणीतरी हळूच म्हणालं, “नाना, पाट तुमच्या बापाचा हाय का?” नाना म्हणाले, “बापाचा असता तर तुमाला येऊच दिलं नसतं.” सगळ्या हसल्या आणि सोडा बादलीत गेला.

जाताना पुढच्या वळणावर ते उतरले. ओंजळीत पाणी घेतलं आणि उन्हाकडे धरून पाहिलं. मला वाटलं, पिणार आहेत. प्यायले नाहीत, सोडून दिलं आणि सायकल हाणली. पुढे मला कळलं की ही त्यांची सवय होती. पाण्याच्या रंगावरून ते सांगायचे, वर पाऊस झालाय का, कुठे कड ढासळली आहे का. जेवताना हीच बोलणी असायची. कालव्याबद्दल ते एका श्वासात जितकं बोलत तितकं आमच्याकडे बाकी सगळे मिळून दिवसात बोलत नसत.

तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. उरले फक्त दोन शब्द: “राहू दे.” आंघोळीला चला म्हटलं की राहू दे. गोळी घ्या, राहू दे. पाय हलवा, राहू दे. टीव्ही लावू का, राहू दे. सुरुवातीला आम्ही प्रत्येक वेळी थांबून विचारायचो की काय राहू दे. मग थांबणं बंद झालं. राहू दे ऐकत ऐकत आम्ही आंघोळ घालायचो, गोळी द्यायचो, पाय हलवून घ्यायचो.

बीडला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी नानांना म्हटलं, एक ते दहा म्हणा, आणि नाना सरळ म्हणाले. माझ्या यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी समजावलं की आकडे पाठ झालेले असतात, तोंडाला सवय असते. ते म्हणता आले म्हणजे माणूस मोजतोय असं नव्हे. तरी रोज काहीतरी समोर ठेवून मोजून घ्या, उपयोग होईल. यजमानांनी बोरं ठेवून पाहिली, चमचे ठेवले. राहू दे. शेवटी त्यांनी फिश टँक आणला. दोन फूट लांबीची काचेची टाकी, तळाला रंगीत खडे, कोपऱ्यात स्पंजाचा फिल्टर आणि सात गोल्डफिश. त्यांतला एक काळा. टाकी नानांच्या खुर्चीसमोर, पुढच्या खोलीत खिडकीला लावून ठेवली.

पाण्यासमोर बसल्यावर नाना बदलले. सकाळी सातला चहा झाला की डाव्या हाताचं बोट काचेकडे करून ते मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. बोट थोडं उशिरा फिरायचं, मासे जागेवर थांबायचे नाहीत, त्यामुळे ते नक्की मोजतात की नुसतं म्हणतात हे कळायला मार्ग नव्हता. “पाठ झालंय त्यांचं,” यजमान म्हणायचे. “सातला थांबायची सवय लागली.” मलाही तसंच वाटायचं. पण रोज सकाळी घरात त्यांचा आवाज व्हायचा, तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

मागच्या वर्षी मी ती टाकी दसऱ्यात घेतली. नवी वस्तू घरात आली की पुढच्या यादीत येते, असा माझा साधा नियम आहे. तोवर मी अधूनमधून थोडं पाणी बदलायचे, पण खडे मळले होते, स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. माझ्या घरात, पितृपंधरवड्यात, अशी वस्तू.

दर वर्षी आमच्याकडे धुण्याला कांताबाई येते. ती धारूरकडच्या डोंगरातली, माजलगावात भाड्याने राहते. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. आम्ही दोघींनी मासे मोठ्या घमेल्यात काढले आणि टाकी उचलायला लागलो. नाना म्हणाले, “राहू दे.” आम्ही टाकी गच्चीवर नेली, मी खडे न्यायला खाली आले. “राहू दे.” फिल्टर न्यायला आले तेव्हा त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. “राहू दे.”

“वैनी, नाना न्हाई म्हनायलेत,” कांताबाई म्हणाली.

“ते आंघोळीलाही नाहीच म्हणतात.”

“त्ये बी खरं.”

मी खडे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात तासभर ठेवले आणि हाताने चोळले. काचा घासल्या. प्लॅस्टिकची झाडं साबणाने धुतली. स्पंज धुण्याच्या पावडरमध्ये भिजवला आणि पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला, निवळ पाणी येईस्तोवर. मग सगळं गोधड्यांच्या शेजारी उन्हात वाळवलं. सगळं धुऊन घेतलं, नळाचं ताजं पाणी भरलं, क्लोरीन मारायचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मोजून टाकले. यात माझी चूक नव्हती. मासे सोडले. टाकी दुकानातून आत्ता आणल्यासारखी दिसत होती. मी फोटो काढून बहिणीला पाठवला आणि यादीत खूण केली.

तिसऱ्या दिवशी पाणी धूसर झालं. आधी वाटलं काचेला बाहेरून वाफ धरली. पुसलं, तर तसंच. संध्याकाळपर्यंत टाकीत कुणी वाटीभर दूध ओतल्यासारखं दिसू लागलं. मासे वर आले होते, पाण्याच्या अगदी कडेला, तोंडं उघडमीट करत. मी निम्मं पाणी काढून पुन्हा ताजं भरलं. सकाळी परत दूध.

“तुरटी फिरवा की, वैनी,” कांताबाई म्हणाली. “आमच्या डोंगरात पावसाळ्यात समदं पानी असंच येतंय. तीन येढे फिरवले की खाली बसतंय.”

मला तिचं पटलं. माजलगावात तुरटी नसलेलं घर नाही. नळाला गढूळ पाणी आलं की पिंपात तुरटी फिरवायची, हे आम्ही विचार न करता करतो. मी तुरटीचा खडा दोऱ्याला बांधून टाकीत फिरवला. दुपारपर्यंत पाणी काचेसारखं झालं आणि तळाला पांढरी साय बसली. कांताबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हेडक्लार्क कोण आणि धुणंवाली कोण असा प्रश्न पडावा. दुसऱ्या दिवशी पाणी पहिल्यापेक्षा जास्त पांढरं होतं. एका माशाच्या पंखांवर लाल रेघा आल्या होत्या, दुसरा पंख अंगाला चिकटवून खड्यांवर बसून राहिला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. मी पहाटे उठले, तर बसून राहिलेला मासा आडवा तरंगत होता. चहाच्या जुन्या गाळणीने मी त्याला काढला आणि कढीपत्त्याच्या मुळाशी पुरला. हात धुतले, घटाची माती चाळून ठेवली, चहा टाकला. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. यजमान दाढी करत होते. नाना खुर्चीत बसले, चहा झाला, त्यांनी बोट उचललं.

“एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.”

आणि थांबले.

मला वाटलं, दम लागला. मी आतून म्हटलं, “सात, नाना.”

मी बाहेर आले. पाणी इतकं धूसर होतं की मला स्वतःला मासे नीट दिसत नव्हते. नानांनी पुन्हा बोट उचललं, या वेळी सावकाश, एकेका माशावर थांबत, तो आडोशाला गेला तर तो बाहेर येईपर्यंत वाट बघत. “सहा,” ते म्हणाले. मग बोट काचेवरून काढून माझ्याकडे केलं आणि तसंच धरून ठेवलं.

यजमान गालाला साबण लावलेल्या अवस्थेत दारात उभे होते. “एक मेला का?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. इतके महिने हा माणूस आमच्यासमोर बसून मोजत होता आणि आम्ही त्याला पाठ म्हणत होतो. आणि दोन वर्षं तो राहू दे म्हणत होता.

दोन दिवसांनी नाना पाच म्हणाले. त्यानंतरच्या सकाळी त्यांनी बोट उचललं नाही. चहा घेतला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मी म्हटलं, “नाना, मोजा ना.” काही नाही. आंघोळीला नेलं, गेले. गोळी दिली, घेतली. पाय हलवले, हलवू दिले. राहू दे म्हणालेच नाहीत. यजमान म्हणाले, “आज शहाण्यासारखे वागले.” मला ते शहाणपण सहन होईना. इतके दिवस ज्या दोन शब्दांना आम्ही वैतागलो होतो ते नसताना घर कसं वाटतं हे मला त्या दिवशी समजलं. बीडच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, बोलायचं सोडलं तर आहे तेही जाईल. दुपारपर्यंत तिसरा मासा गेला. उरले चार.

“तीन नवे आणू,” यजमान म्हणाले. “तसेच सोनेरी. पहाटे सोडू. सात झाले की मोजतील. त्यांना काय कळतंय नवा कोणता अन् जुना कोणता.”

“त्यांना कळतंय,” मी म्हटलं. तरीही मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून बीडची बस पकडली. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. पिशवीत टाकीतल्या पाण्याची बाटली होती.

बीडला बाजारातल्या एका गल्लीत सलीमभाईंचं माशांचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून वास घेतला.

“स्पंज कशानं धुतला, मॅडम?”

“पावडरने.”

“आन् खडे?”

“ब्लीचिंगने.”

“वाळवले?”

“उन्हात.”

“माजलगाव-गेवराईकडच्या का?”

“माहेर उमापूर, सासर माजलगाव. का?”

“म्हंजे दसरा काढला.” त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. तिथे आधीच तशाच दोन बाटल्या होत्या, तेच दुधट पाणी. “दर साली या पंधरा दिवसांत हेच. एरवी लोक माशाला विसरतात म्हनून मरतात. दसऱ्यात आठवन ठेवतात म्हनून मरतात. लाजू नका, आमच्या घरात ईदच्या आधी बायकोनं हेच केलं. माशाचं दुकान माझं.”

मग त्यांनी सांगितलं. मासे पाण्यातच घाण करतात, ती दिसत नाही पण माशाला जाळते. ती खाणारे बारीक जीव स्पंजात आणि खड्यांत राहतात. तो बुळबुळीत थर म्हणजे तेच. ते बसायला महिना लागतो आणि मरायला एक दुपार पुरते. तुम्ही घर धुतलं आणि घरातल्या माणसांना धुऊन बाहेर काढलं. आता पाण्यात भलतेच जीव वाढलेत, म्हणून ते पांढरं. तुरटीने वरचं खाली बसतं, दुखणं जागेवरच. उलट तो गाळ कल्ल्यांत जातो.

“मला तीन गोल्डफिश द्या,” मी म्हटलं.

“न्हाई देनार.”

“पैसे देऊन घेतेय.”

“मारायला कावून न्यायलेत, मॅडम? पानी बसू द्या. आहेत ते जगवा.” ते आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी घालून आणलं. स्पंजाचा तुकडा होता, काळपट, चिकट, त्यांच्या जुन्या टाकीतून कापलेला, सोबत थोडं पाणी. “हा तुमच्या फिल्टरला बांधा. वाळू द्यायचा न्हाई. आन् एक काम करा, धुवायचा न्हाई.” शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे नीट बघून सांगितलं.

आणखीही सांगितलं. दोन दिवस खाणं बंद, मग चिमूटभर. एक दिवसाआड एक बादली पाणी बदलायचं, तेही दोन दिवस उघडं ठेवलेलं. थोडं खडेमीठ विरघळवून टाकायचं, पुडीतलं बारीक नको. बाकी हात लावायचा नाही. मी सगळं लिहून घेतलं. शेवटच्या ओळीत ‘काही न करणे’ असं लिहिलं. माझ्या याद्यांत असं काम पहिल्यांदाच आलं होतं आणि त्याच्यापुढे खूण कधी करायची हे मला कळत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मांडीवर ती मळकी पिशवी घेऊन मी बसले. शेजारच्या बाईने दोनदा पाहिलं आणि पदर सावरून घेतला. आजूबाजूला सोयाबीनची काढणी चालू होती, रस्त्याच्या निम्म्या भागावर शेंगा वाळत होत्या. गेवराईकडून येणाऱ्या पोरींच्या हातात घटासाठी झेंडूचे हार होते. आणि मला एकदम नानांचं जेवतानाचं बोलणं आठवलं. नवा पाट पाणी धरत नाही, ते सांगायचे. पाणी सोडलं की सगळं जमिनीत मुरतं, शेवटच्या शेतकऱ्याला काहीच पोचत नाही, आणि लोक ओरडतात की खोदाई बिघडली. बिघडलेली नसते. पाण्याच्या दोन-तीन पाळ्या जाऊ द्यायच्या, गाळ तळाला बसू द्यायचा. गाळ बसला की पाट पाणी धरतो. एकदा एका नव्या साहेबाने हौसेने पाट तळापर्यंत खरवडून घेतला, आणि त्या हंगामात नाना लोकांच्या शिव्या खात फिरले. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली होती, भाकरी वाढता वाढता.

स्पंज बांधला. मग मी जे केलं ते यादीत नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी मी दोन काचेचे ग्लास घेतले. एकात टाकीतलं पाणी, दुसऱ्यात प्यायचं. नानांच्या समोर खिडकीत उन्हात ठेवले. म्हटलं, “नाना, कसं वाटतंय पाणी?” ते बघेनात. मी ग्लास तिथेच ठेवले आणि कामाला लागले. अर्ध्या तासाने आले तर ते बघत होते, मान तिरकी करून, जशी ओंजळ उन्हाकडे धरून बघायचे तशी. डाव्या हाताने त्यांनी टाकीचा ग्लास थोडा उचलला, हलवला आणि खाली ठेवला. चेहऱ्यावर ती जुनी नापसंती होती. मला तेवढं पुरलं.

मग रोजचंच झालं. सातला दोन ग्लास. नाना बघायचे आणि हात आडवा हलवायचे: नाही. नाही म्हटलं की मी त्या दिवशी खाणं देत नसे. पाणी एक दिवसाआड बदलायचं होतं, पण हात शिवशिवायचे. एकदा मी सवयीने काच आतून पुसायला फडकं घेतलं आणि मागे वळून पाहिलं. नाना माझ्याकडे बघत होते. फडकं परत ठेवलं. घरातली बाकी प्रत्येक वस्तू चकचकीत होती, देव उजळले होते, घटातलं धान्य वितभर वाढलं होतं, आणि पुढच्या खोलीत सगळ्यांना दिसेल अशी ही धूसर टाकी, तिला मळका तुकडा दोऱ्याने बांधलेला. नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या बायका टाकीकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मी कुंकवाचा करंडा पुढे करायचे.

दसऱ्याला आपट्याची पानं नानांच्या हातात दिली. त्यांनी घेतली, मुठीत धरली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कांताबाई निघाली. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, वर भांडी, सरपण, शेळी, दोन घरची माणसं. ती निरोप घ्यायला आत आली आणि आधी टाकीपाशी गेली.

“किती ऱ्हायले?”

“चार.”

“माझ्या तुरटीनं मेले का, वैनी?”

“नाही. माझ्या धुण्याने.”

“दोघींनी मिळून धुतलं व्हतं,” ती म्हणाली आणि नानांच्या पाया पडली. “येते, नाना. उन्हाळ्यात आले की मोजून घेईन. कमी भरले तर तुमाला ईचारीन, वैनीला न्हाई.” नानांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. ट्रॅक्टर बराच वेळ ऐकू येत होता.

कोजागरीच्या सकाळी मी दोन ग्लास खिडकीत ठेवले आणि आत वळता वळता थांबले. ऊन ग्लासांतून पलीकडच्या भिंतीवर पडलं होतं. काळ्या माशाचे पंख पूर्ण उघडलेले होते, तो स्पंजाच्या तुकड्यापाशी तोंड लावून फिरत होता. नानांनी एक ग्लास उचलला. ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला. बराच वेळ गेला. त्यांना टाकीचा कोणता आणि प्यायचा कोणता हे सांगता येत नव्हतं, आणि मलाही, कारण ठेवताना मी लक्ष दिलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही ग्लास हाताने बाजूला सारले.

“राहू दे,” ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे काही काम नव्हतं. कणीक मळलेली होती, ती मी पुन्हा मळली. बाहेरून आवाज आला: एक, दोन, तीन, चार. मग थांबला, आणि पुढे काही आलं नाही. यजमान खोलीतून म्हणाले, “ऐकलं का?” मी म्हटलं, “ऐकलं.”

त्यानंतर आम्ही नवे मासे आणलेच नाहीत. महिन्याने सलीमभाई द्यायला तयार होते, पण नानांची मोजणी चारवर नीट थांबत होती, ती हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. उन्हाळ्यात कांताबाई आली, तिने मोजले, भरले. बीडच्या बाईंनी कार्डावर लिहिलं की वस्तू पाहून मोजतात. ते कार्ड मी फाईलला लावलं आहे. नानांच्या बोलण्यात आणखी एक-दोन शब्द आले आहेत, त्यांतला एक चहा. आणि राहू दे ऐकू आलं की आम्ही पुन्हा थांबून विचारतो, काय राहू दे. बहुतेक वेळा ते आंघोळच असतं. तरी विचारतो.

काल यादी उतरवून झाल्यावर मी ती नानांसमोर बसून वाचली. मोठ्याने, एकेक ओळ. पडदे म्हटलं, राहू दे. पोती, राहू दे. मोठं पातेलं, राहू दे. “माशांची टाकी,” मी म्हटलं. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी पुढचं वाचायला लागेपर्यंत ते नजर काढेनात.

“राहू दे.”

मी चोविसावी ओळ खोडली, पेन दोनदा फिरवून. उरलेल्या सगळ्या ओळींनाही ते राहू दे म्हणाले, पण त्या माझ्या आहेत. आज सकाळी गोधड्या कालव्यावर नेल्या. सोडा बादलीतच भिजवला.